बंपरला कॅशलेस, मनगटाला काय?

कालिन्याहून कुर्ल्याकडे निघालं की सीएसटी रोडच्या दोन्ही अंगांना गाड्यांचा संसार मांडलेला दिसतो. सीट कव्हरं, स्पीकर, अलॉय व्हील, कुठल्याशा भंगारात निघालेल्या गाडीचे शाबूत हेडलाइट. त्यातल्या एका आतल्या गल्लीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. नाक चेपलेली एक पांढरी हॅचबॅक तिथे उभी होती आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर तिच्याभोवती मोबाइल घेऊन फिरत होता. समोरून फोटो, तिरका फोटो, चॅसी नंबरचा फोटो. मग तोंडाने यादी: बंपर, ग्रिल, रेडिएटर सपोर्ट, डावा फेंडर, दोन्ही एअरबॅग. गॅरेजवाला प्रत्येक नावाला "हां, रिप्लेस" म्हणत होता आणि सर्व्हेअर दोनेक ठिकाणी "रिपेअर होईल हो" म्हणून घासाघीस करत होता.

गाडीचे मालक बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पावसाळी रात्री वाकोल्याच्या पुलावरून उतरताना समोरची रिक्षा अचानक आडवी आली, तिला वाचवताना गाडी दुभाजकावर गेली. रिक्षा निघून गेली. मनगटात प्लेट बसली.

"कॅशलेस आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की. झिरो डेप पण आहे. कंपल्सरी एक्सेसचे हजार रुपये तेवढे तुमचे."

"आणि हाताचं?"

सर्व्हेअरने पहिल्यांदा त्यांच्या हाताकडे पाहिलं. "हाताचं यात नाही येत साहेब. मेडिक्लेममध्ये बघा."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'भरवसा' हा विषय दिला होता. देव, बाबा, शेअर बाजार आणि राजकीय पक्ष इतरांनी आधीच वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला विमा आला. पण सांताक्रूझमध्ये ज्याला त्याला "गाडी चालवताना तुम्हालाच लागलं, तर पॉलिसी काय देते?" असं विचारत सुटल्यावर लक्षात आलं की सगळ्यांचं उत्तर एकच आहे: "फुल इन्शुरन्स आहे आपला." या 'फुल'मध्ये स्टिअरिंगमागचा माणूस कुठे बसतो, हे मात्र फारच थोड्यांनी पाहिलेलं असतं.

पॉलिसीच्या आत

वाकोल्यात नेहरू रोडच्या बाजूला एक विमा एजंट बसतात. दुकान म्हणजे झेरॉक्स मशिन, लॅमिनेशन, रेल्वे तिकिटं आणि विमा. त्यांनी एका खासगी गाडीच्या पॉलिसीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेन्सिलीने तीन भाग पाडले.

पहिला 'ओन डॅमेज': गाडीचं स्वतःचं नुकसान. लोक भांडतात ते याच्यावरून. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस ही सगळी पिलावळ इथली. सांताक्रूझकरांना इंजिन प्रोटेक्ट समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी याच उपनगरातल्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला होता आणि मिलन सबवे आजही दर पावसाळ्यात बातमीत असतो. पाण्यात बुडालेलं इंजिन ही इथली पिढीजात आठवण आहे.

दुसरा भाग 'थर्ड पार्टी'. कायद्याने सक्तीचा. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा केली, त्याचा जीव गेला, त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर तुमच्या वतीने कंपनी भरपाई देते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली ही सक्ती रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. स्वतःच्या चुकीने स्वतः जखमी झालेला मालक यात येत नाही, कारण आपणच आपल्याला नुकसानभरपाई देणं लागतो असं कुठलंही न्यायालय म्हणणार नाही.

तिसरा भाग कागदावर जेमतेम दोन ओळींचा: 'पीए (पर्सनल ॲक्सिडेंट) कव्हर फॉर ओनर-ड्रायव्हर'. मालकाला चालक म्हणून जे काही मिळतं ते इथे.

या दोन ओळींचा इतिहास फार जुना नाही. २०१८ पर्यंत कारमालकाला यात दोन लाख आणि दुचाकीवाल्याला एक लाख मिळत. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही रक्कम तुटपुंजी असल्याचं म्हटलं आणि विमा नियामकाने सप्टेंबर २०१८ मध्ये ती सरसकट पंधरा लाख केली. हप्ता ठरला वर्षाला साडेसातशे रुपये. त्यावर दुचाकीवाल्यांमध्ये ओरड झाली. जुन्या स्कूटरचा एकूण विमाही कित्येकांना तेवढ्यात पडायचा. मग १ जानेवारी २०१९ पासून हे कव्हर गाडीच्या पॉलिसीपासून सुटं घेण्याची मुभा मिळाली. दोन गाड्या आणि एक स्कूटर असलेल्या माणसाला आता ते एकदाच घ्यावं लागतं. आणि ज्याची आधीपासूनच किमान पंधरा लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी आहे, तो लेखी सांगून हे नाकारू शकतो.

"आणि ऑनलाइन काढणारे?" मी विचारलं.

एजंट हसले. "तिथे एक टिकमार्क असते. 'माझी दुसरी पॉलिसी आहे' म्हणून. ती केली की प्रीमियम कमी दिसतो. लोक करतात. दुसरी पॉलिसी असते का? तुम्हीच विचारा त्यांना."

आता पंधरा लाख कशाचे, ते पाहू. मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले, किंवा एक अवयव आणि एक डोळा गेला, तरी पूर्ण. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर निम्मी, म्हणजे साडेसात लाख. याखेरीज इतर इजांमुळे कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण. हे सगळं अपघातापासून सहा महिन्यांच्या आत घडलेलं असायला हवं. यादी इथे संपते. मोडलेलं मनगट, फाटलेली प्लीहा, तीन महिन्यांची बिनपगारी रजा, फिजिओथेरपी, प्लेट काढायचं दुसरं ऑपरेशन, यातलं एकही तिच्यात नाही. हॉस्पिटलचं बिल नाही, अंगठा गेला तर अंगठ्याचं नाही. साडेसात लाखांची पायरी चढायला अख्खा हात जावा लागतो आणि त्याखाली पायरीच नाही.

शर्ती आणखी. जखमी झालेला माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसीत त्याचंच नाव हवं आणि अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली असेल तर काही नाही. गाडी कंपनीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावावर असेल तर हे कव्हर मुळात देताच येत नाही, कारण कंपनीला मनगट नसतं. पश्चिमेकडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून फिरताना एजंटांनी मला निव्वळ सवयीने दोन-तीन मोठ्या गाड्या दाखवल्या: "ही कंपनीच्या नावावर. हीपण. टॅक्ससाठी. साहेब स्वतः चालवतात."

सेकंडहँड गाड्यांत घोळ आणखी मोठा. अंधेरी आरटीओत आरसी नव्या मालकाच्या नावावर होते, पॉलिसी जुन्याच्याच नावाने चालू राहते. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, त्यामुळे पोलिसाने अडवलं तर कागद ठीक दिसतात. अपघात विम्याचं तसं नाही. आरसी एकाची आणि पॉलिसी दुसऱ्याची असेल, तर त्या पंधरा लाखांना दोघांपैकी कोणीच धनी उरत नाही.

बायको अर्जदार, नवरा सामनेवाला

गाडीत बाजूच्या सीटवर बसलेल्याचं नशीब चालकापेक्षा बरं असतं.

खासगी गाडीची पॉलिसी सर्वसमावेशक असेल, म्हणजे लोक जिला 'फुल' म्हणतात ती असेल, तर आतले प्रवासीही तिच्यात येतात. नियामकाने हे २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर शिक्का मारला. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीतला फुकटचा प्रवासी तिच्यात येत नाही. हा फरक हप्ता भरताना फारसा कोणी सांगत नाही.

त्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एक गमतीशीर दृश्य उभं राहतं. नवरा गाडी चालवत होता, झोप लागली, गाडी झाडावर गेली, दोघांनाही लागलं. बायको अर्जदार होते. सामनेवाला क्रमांक एक नवरा, क्रमांक दोन विमा कंपनी. नवऱ्याने निष्काळजीपणे गाडी चालवली असं तिने शपथेवर सांगायचं असतं, आणि सुनावणी झाली की दोघं एकाच लोकलने परततात. दाव्यांची कामं करणाऱ्या एका वकीलबाई म्हणाल्या, "पहिल्यांदा ऐकलं की बायका दचकतात. 'यांच्यावर केस?' मग सांगावं लागतं, अहो, यांच्यावर नाही, यांच्या विम्यावर." नवऱ्याचा स्वतःचा अर्ज मात्र याच न्यायाधिकरणात उभा राहत नाही. चूक त्याची, गाडी त्याची.

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाली काढलेलं एक प्रकरण इथे आठवतं. २०१० साली पुण्याहून मुंबईला येताना एका मोटारीचं मागचं टायर फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि सहकाऱ्याच्या त्या गाडीतून येणाऱ्या प्रवाशाचा जीव गेला. टायर फुटणं ही दैवी आपत्ती, सबब आम्ही जबाबदार नाही, असं विमा कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही: अतिवेग, हवेचा कमी-जास्त दाब, जुनी टायरं, तापमान ही सगळी माणसाच्या निष्काळजीपणाची कारणं. प्रवाशाच्या कुटुंबाला सव्वा कोटींची भरपाई कायम राहिली. त्याच खड्ड्यात, त्याच गाडीत चालकाच्या सीटवरचा मालक गेला असता, तर त्याच्या घरच्यांना याच पॉलिसीतून फार तर त्या काळचे दोन लाख मिळाले असते. दोन सीटमधलं अंतर हँडब्रेकएवढं.

मित्राची गाडी मागून घेतली असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात याचं उत्तर दिलं. इलकलहून आपल्या गावी निघालेला एक जण उसनी मोटारसायकल घेऊन जात होता. पुढच्या बैलगाडीवर आदळून तो गेला. गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, तेव्हा मालकाला जे मिळालं नसतं ते त्यालाही बिनचुकीच्या, म्हणजे चूक कोणाची हे न विचारता मिळणाऱ्या, भरपाईच्या कलमाखाली मिळणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २०२० च्या रामखिलाडी प्रकरणातही हीच रेघ पुढे ओढली गेली. म्हणजे वडिलांच्या नावावरची गाडी चालवणारा मुलगा दोन्हीकडून अडकतो: थर्ड पार्टीत तो मालकासारखा, आणि पंधरा लाखांच्या कव्हरात मालक नाही म्हणून बाहेर. त्याच्यासाठी पॉलिसीत वेगळं नाव घालून अपघात कव्हर घेता येतं. ते सहसा कोणी घेत नाही.

ही रेघ आता पुन्हा तपासली जाणार आहे. मालक स्वतः गाडी चालवत असताना टायर फुटून झालेल्या अपघातात आई-वडील दोघंही गमावलेल्या एका लहान मुलीचं प्रकरण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. चूक कोणाची हे न विचारता भरपाई देणाऱ्या कलमात मालक स्वतः बसतो की नाही, हा तो प्रश्न. त्याच वर्षी जुलैमध्ये मात्र कर्नाटकातल्या एका प्रकरणात, बेफाम वेगाने गाडी उलटवून गेलेल्या चालकाच्या कुटुंबाला न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. दोन्ही बातम्या दोन महिन्यांच्या आत वाचून कोणाचा गोंधळ उडाला असेल तर त्यात त्याचा दोष नाही.

समोरच्याची चूक असेल तर

चूक दुसऱ्या गाडीची असेल तर चित्र पालटतं. मग तुम्ही तिच्या विम्यासाठी परके, आणि तुमच्या मनगटालाही किंमत येते. पण ती सिद्ध करायचे कागद पहिल्या काही तासांत तयार होतात, जेव्हा तुम्ही स्ट्रेचरवर असता.

सांताक्रूझ पूर्वेला महामार्गावर अपघात झाला तर जखमीला जवळचं पालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय, दुखापत मोठी असेल तर विलेपार्ल्याचं कूपर. तिथे केसपेपरवर 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस) असा शिक्का बसतो आणि कॅज्युअल्टीतला पोलीस नोंद घेतो. 'पेशंट सांगतो की...' पासून सुरू होणारी ती चार ओळींची नोंद पुढे वर्षानुवर्षं चालणाऱ्या दाव्याचा पाया असते. अर्धवट शुद्धीत कोणी "स्लिप झालो" म्हणालं आणि तेच लिहिलं गेलं, की धडक देणाऱ्या टेम्पोचा वकील तो शब्द तीन वर्षांनी उलटतपासणीत काढतो. मग घटनास्थळाचा पंचनामा, एफआयआर, गाडीची मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी आणि न्यायाधिकरणासाठी पोलिसांनी भरायचा अहवाल, ज्याला महाराष्ट्रातले वकील अजून 'एए फॉर्म' म्हणतात. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी पोलिसांना कालमर्यादा घालून दिली: पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणात. अर्ज सहा महिन्यांच्या आत करण्याची अटही १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण सहा महिने धरून चालणंच शहाणपणाचं.

आणि दुभाजकावर एकट्याने आदळलेल्याचं काय? पोलिसांच्या लेखी बेदरकारपणे गाडी चालवल्याचा आरोपी तोच असू शकतो. प्लास्टर घातलेला हात आणि वर हातात नोटीस, असंही घडतं.

न्यायाधिकरण दक्षिण मुंबईत. सांताक्रूझहून चर्चगेट लोकल पकडायची, हातात प्लास्टिकची लांबट पिशवी, तिच्यात एक्स-रे. तिथल्या बाकांवर या पिशव्याच पिशव्या दिसतात. भरपाई ठरते ती नुसत्या 'अमुक टक्के अपंगत्व' या दाखल्यावर नाही, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत माणुसकीची वाटलेली गोष्ट हीच. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं वेगळं. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आपल्या धंद्यापुरता जवळजवळ शंभर टक्के संपतो. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकू शकते. तेव्हा डॉक्टरने लिहिलेला आकडा तसाच उचलायचा नाही. हा माणूस काय करून पोट भरत होता ते आधी विचारायचं. पॉलिसीतली ती दोन अवयव, एक डोळा वगैरे यादी असं काही विचारत नाही.

मुंबईकरांच्या कामाचा आणखी एक निकाल. समजा समोरच्याच्या चुकीने तुम्ही जखमी झालात आणि हॉस्पिटलचं बिल तुमच्या मेडिक्लेमने भरलं. ती रक्कम भरपाईतून वजा करायची की नाही, यावर वेगवेगळी मतं होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये प्रश्न मिटवला: वजा करता येणार नाही. मेडिक्लेम हा तुम्ही स्वतः हप्ते भरून केलेला करार. त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने का घ्यावा?

गॅरेजमधल्या त्या सर्व्हेअरने अजाणता योग्यच दार दाखवलं होतं, म्हणायचं. स्वतःच्या चुकीने जखमी झालेल्या मालकाचं हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधूनच भागतं. नव्या मेडिक्लेमला इतर आजारांसाठी पहिले तीस दिवस थांबावं लागतं, अपघाताला ती अट नसते. बुडालेला पगार मात्र मेडिक्लेम देत नाही. त्यासाठी स्वतंत्र अपघात पॉलिसी, जिच्यात तात्पुरत्या अपंगत्वाला दर आठवड्याची रक्कम असते. बँकेत वर्षाला वीस रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही एक हात किंवा एक डोळा गेला तर एक लाख देते आणि गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारत नाही.

पहिले सात दिवस

२०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. निवडलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च. तिचं मोठेपण योजनेच्या भाषेत आहे: जखमी कोण, एवढंच ती पाहते. चालक असो, मालक असो, चूक त्याचीच असो, रस्त्यावर मोटार वाहनामुळे जखमी झाला म्हणजे पुरे. मोटार विम्याच्या साऱ्या पसाऱ्यात चुकलेल्या चालकालाही इथे कोणी तरी 'जखमी' म्हणून आत घेतलं.

पण जमिनीवर विचारत गेलं की गाडी अडते. आपल्या भागातलं कुठलं रुग्णालय या यादीत आहे, हे रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या ऑफिसात, पेट्रोल पंपावर मला कोणी सांगू शकलं नाही. जखमीला उचलून रिक्षात घालणारी माणसं सांताक्रूझमध्ये आजही भेटतात. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मग कायद्यानेही संरक्षण दिलं, याचीही अनेकांना ऐकीव माहिती आहे. पण ही माणसं जखमीला नेतात ते ओळखीच्या दारात. योजना ११२ वर फोन करायला सांगते, आणि इतक्या वर्षांची '१०८'ची सवय एका अधिसूचनेने सुटत नाही.

पन्नास रुपयांची ओळ

आता स्टिअरिंगमागे पगारी माणूस असेल तर?

सांताक्रूझ पश्चिमेला संध्याकाळी सहा-साडेसहाला कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटबाहेर चार-सहा ड्रायव्हर उभे असतात. कोणी जौनपूरचा, कोणी राजापूरचा, कोणी आझमगडचा. मॅडमच्या फोनची वाट बघत क्रिकेटच्या गप्पा चाललेल्या. मी विचारलं, "गाडी चालवताना तुम्हाला लागलं तर?" राजापूरचे काका म्हणाले, "शेठ चांगला आहे. देईल." दुसरा म्हणाला, "माझा पण चांगला आहे, पण देणार नाही." सगळे हसले. तिसऱ्याने विचारलं, "गाडीच्या इन्शुरन्समध्ये आपलं काय असतं काय?"

असतं. मालकाच्या पॉलिसीवर 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर' अशी एक ओळ असते किंवा असायला हवी. तिचा हप्ता माणशी पन्नास रुपये. नोकरीवर असताना कामगाराला इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हा १९२३ पासूनचा कायदा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, सूत्र तेच राहिलं. ही ओळ असली की त्या कायद्याखालची मालकाची जबाबदारी विमा कंपनी उचलते. इथे चूक कोणाची हे विचारलं जात नाही. दुभाजकावर ड्रायव्हरनेच गाडी घातली तरी तो कामावर होता, एवढं पुरतं.

हिशेब मांडून पाहू. ड्रायव्हरचं वय चाळीस, पगार पंधरा हजार किंवा जास्त; २०२० पासून हिशेबाला कमाल पंधरा हजारच धरतात. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या साठ टक्के, म्हणजे नऊ हजार, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला घटक. चाळिशीला तो १८४.१७. गुणाकार येतो १६,५७,५३०. अंशतः अपंगत्वाला त्या प्रमाणात. तात्पुरतं अंथरुणाला खिळला तर दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या पगाराच्या पंचवीस टक्के. आणि २००९ च्या दुरुस्तीपासून उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाच्या माथी. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो.

पुन्हा वाचा. २०१८ मध्ये ठरलेल्या साडेसातशेच्या हप्त्यात मालकाला फार तर पंधरा लाख, तेही जीव गेला किंवा हात-पाय गेले तर. पन्नास रुपयांत त्याच सीटवरच्या ड्रायव्हरला त्याहून जास्त, मनगटाची प्लेट आणि घरी बसलेले महिने धरून. एकाच खुर्चीचे दोन हिशेब. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हा उफराटा न्याय आहे, पण मला तो उफराटा वाटत नाही. ज्याचं पोट त्या हातावर आहे त्याचा हात कायद्याने जास्त मोलाचा धरला, यात काही चुकलं नाही.

काळी-पिवळीवाल्यांची आणि टेम्पोवाल्यांची स्थितीही बदलली आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने प्रवासी आणि मालवाहू वाहनांवरचा चालक व त्याचा जोडीदार यांना 'थर्ड पार्टी'च्या व्याख्येतच घेतलं. लायसन्सचं भूतही थोडं उतरलं. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर टॅक्सी किंवा टेम्पो चालवत होता म्हणून कंपन्या दावे अडवायच्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांना तेच लायसन्स चालतं असा निर्वाळा दिला. डोमेस्टिक टर्मिनलच्या स्टँडवरच्या एका टॅक्सीवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कागदावर चालतं ते ठीक. पण मी आठ दिवस घरी बसलो तर बँकेचा हप्ता थांबतो का?" टॅक्सी त्याची स्वतःच्या नावावरची, म्हणजे मालकही तोच आणि चालकही तोच. त्याला पुन्हा त्या पंधरा लाखांच्या, अख्खा हात मागणाऱ्या यादीकडेच जावं लागतं.

गेटवरच्या ड्रायव्हरांपैकी दोघांनी आपल्या मालकांच्या पॉलिसीचा फोटो मोबाइलवर ठेवला होता, नाकाबंदीत दाखवायला. राजापूरच्या काकांचा फोन घेऊन आम्ही स्क्रीन मोठी केली. प्रीमियमच्या तक्त्यात उजव्या रकान्यात बारीक अक्षरात: 'एलएल टू पेड ड्रायव्हर – ५०'. होती ओळ. दुसऱ्याच्या पॉलिसीत त्या जागी शून्य होतं. "आता मॅडमला कसं सांगू?" त्याने विचारलं. "म्हणतील, अपघात करायचा विचार आहे का?"

मी ते नेहरू रोडच्या एजंटांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. रिन्युअलला ते स्वतःच ही ओळ घालतात आणि बहुतेक मालक पन्नास रुपयांबद्दल काही म्हणत नाहीत. विचारतात ते एकच: आज हा आहे, उद्या सोडून गेला तर? तेव्हा एजंट त्यांना सांगतात की ही ओळ ड्रायव्हरच्या नावावर नसते, नुसत्या संख्येवर असते. हा गेला, दुसरा आला, तरी तीच चालते.